घरचा मका कोणत्या भावाने लावायचा? एकोणीस बोकडांचा हिशेब

८ जून २०२५ रोजी, बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, खेड तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर बसून आम्ही दोघा भावांनी सात महिन्यांचा हिशेब पुरा केला. दादाच्या वहीत नफ्याचा आकडा १,३३,९०० रुपये निघाला आणि माझ्या वहीत ६०,०९५ रुपये. बोकड तेच होते, पावत्या त्याच होत्या आणि बेरीज-वजाबाकीत दोघांचीही चूक नव्हती. फरक पडला तो अशा गोष्टींमुळे, ज्यांच्यासाठी खिशातून रुपया गेला नव्हता: घरच्या रानातला मका, घास (म्हणजे लसूणघास) आणि भुस्कट, दादा-वहिनींचे कष्ट आणि अडकून पडलेल्या पैशाचे व्याज. हा ७३,८०५ रुपयांचा फरक नेमका कशात आहे, हे समजून घेण्यातच माझे हे सगळे वर्ष गेले, आणि ज्यांच्या घरी चारा पिकतो व जे बोकड पाळण्याचा विचार करत आहेत, त्यांच्यासाठी ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

मी चाकणला एका कारखान्यात उत्पादन-खर्चाचा हिशेब ठेवण्याचे काम करतो, राहायला भोसरीला आहे आणि शनिवार-रविवार गावी जातो. गावी साडेतीन एकर जमीन आहे, चासकमानच्या कालव्याचे पाणी आहे आणि दोन संकरित गाई आहेत. खरिपात एक एकर मका, थोडे सोयाबीन, रब्बीत कांदा आणि हरभरा, असा आमचा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. २०२४ च्या पावसाळ्यात दादाच्या मनात आले की मका दरवर्षी व्यापाऱ्याच्या दारात नेऊन टाकण्यापेक्षा तो जनावराला घालून जनावरच विकावे. अमेरिकेतल्या मका पिकवणाऱ्या पट्ट्यातले शेतकरी हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवत आले आहेत. तिथे तो मांसासाठी वाढवलेल्या खोंडांचा प्रश्न असतो. आपल्याकडे २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला कायद्याने बंदी असल्यामुळे गाईचा गोऱ्हा या हिशेबात येत नाही. रेडकाला ही बंदी लागू नाही, परंतु ते लहानपणी दूध पाजून जगवावे लागते आणि आमच्या दावणीला म्हैस नाही. राहिला बोकड, ज्याला पुण्यात बारा महिने गिऱ्हाईक आहे आणि ईदच्या आधी त्याचा भाव वेगळाच असतो.

ईदचा बोकड करायचा म्हटले की हिशेब शेवटाकडून सुरू करावा लागतो. कुर्बानीचा बोकड वर्षाचा झालेला असावा लागतो, आणि बाजारात जन्माचा दाखला कोणाकडे नसल्यामुळे गिऱ्हाईक बोकडाचे तोंड उघडून दात पाहते. दुधाचे पुढचे दोन दात पडून कायमचे दोन आले असतील तर तो दोन दाती, आणि मग वयाबद्दल पुढे कोणी काही विचारत नाही. २०२५ ची ईद ७ जूनला होती. त्या दिवशी बोकड वर्षाच्या वर असायचा, तर नोव्हेंबरमध्ये तो किमान पाच-सहा महिन्यांचा हवा. आमचा मका काढून, वाळवून घरात येण्याची वेळही नोव्हेंबरचीच असल्यामुळे दोन्ही गोष्टी जुळल्या. ही जुळणी कायमची नाही, कारण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते आणि मका काही तिच्यासाठी लवकर पिकत नाही.

९ नोव्हेंबर २०२४ च्या शनिवारी चाकणच्या बाजारातून आम्ही वीस बोकड घेतले. बहुतेक काळे, लांब कानांचे, उस्मानाबादी रक्ताचे होते आणि चार-पाच पांढरट-तांबूस, संगमनेरी वळणाचे. सगळे खच्ची केलेले होते. बाजारात व्यवहार नगावर आणि अंदाजावर होतो. आम्ही मात्र हुकाचा ताणकाटा बरोबर नेला होता आणि सौदा ठरण्याआधी प्रत्येक बोकड टांगून पाहिला, त्यामुळे दोन-तीन विक्रेते नाराजही झाले. वीस बोकडांचे वजन २६० किलो भरले आणि १,१२,००० रुपये मोजावे लागले. म्हणजे जिवंत वजनाचा किलो सुमारे ४३१ रुपयांना पडला. त्याच दिवशी, त्याच बाजारात, कापायच्या तयार बोकडाचा किलो ४१० ते ४२० रुपयांना जात होता. लहान जनावराचा किलो मोठ्या जनावराच्या किलोपेक्षा महाग, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम नीट कळली. घेतलेल्या वजनावर काहीच सुटणार नव्हते, उलट किलोमागे दहा रुपये जाणारच होते. जे काही सुटायचे ते आपल्या गव्हाणीवर चढणाऱ्या वजनातूनच सुटायला हवे होते.

पहिला महिना बोकड सावरण्यात गेला. बाजारातून आणलेल्या जनावराला प्रवासाचा आणि गर्दीचा ताण असतोच, त्यात थंडी सुरू झाली होती. जंताचे औषध, पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगांची लस हे सगळे केले, तरी अकराव्या दिवशी एक बोकड न्यूमोनियाने गेला. उरले एकोणीस. ओळखीसाठी कानात बिल्ले न मारता आम्ही गळ्यात क्रमांकाचे पट्टे बांधले, कारण ईदचे गिऱ्हाईक कान, शिंग, डोळा, पाय बारकाईने पाहते आणि कान फाटलेला बोकड नाकारते.

चाऱ्याची व्यवस्था अशी होती. एक एकरात मका २१ क्विंटल झाला. घासाचे दहा गुंठे विहिरीजवळ आधीपासूनच होते, बांधाला शेवरीच्या, म्हणजे पाल्यासाठी लावलेल्या झाडांची, रांग होती, आणि सोयाबीनचे व पुढे हरभऱ्याचे भुस्कट घरचे होते. थोडा कडबा होता, तो कुटी करून दिला. विकत घेतली ती फक्त शेंगदाणा पेंड, खनिज मिश्रण आणि मीठ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी प्रत्येक बोकडाला रोज दीड किलो हिरवा चारा, चारशे ग्रॅम सुका चारा, शंभर ग्रॅम मक्याचा भरडा आणि सुमारे पाऊण छटाक, म्हणजे आजच्या मापाने पंचेचाळीस ग्रॅम, पेंड, अशी सुरुवात होती. पेंड पुढे नव्वद ग्रॅमपर्यंत नेली. १ मार्चपासून मका तिप्पट करायचा होता. तो एकदम न वाढवता पंधरा दिवसांत थोडाथोडा वाढवत तीनशे ग्रॅमवर नेला, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकाएकी जास्त दाणा गेला तर पोटात आम्ल होऊन ते रात्रीतून दगावू शकते.

वजनाचा कार्यक्रम दर दुसऱ्या रविवारी सकाळी चारा घालण्याआधी होई. गोठ्याच्या तुळईला काटा टांगलेला, पोत्याची झोळी शिवलेली, पुतण्या बोकड झोळीत घाली, चारी पाय झोळीच्या भोकांतून खाली लोंबत, आणि तो ओरडायचा थांबून काटा स्थिर झाला की मी आकडा लिहून घेई. सात क्रमांकाचा बोकड झोळीत गेला की हमखास मुतायचा, त्यामुळे त्याचे वजन नेहमी शेवटी करायचे असे ठरून गेले होते. या रविवारांचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला. बोकड रोज डोळ्यांसमोर असणाऱ्याला तो अंगाने भरतोच आहे असे वाटते. खाल्लेले अंगी किती लागते ते काटाच सांगतो. फेब्रुवारीअखेर सरासरी वजन १३ वरून २२ किलोवर गेले होते, म्हणजे रोजची वाढ सुमारे ८० ग्रॅम. मार्च आणि एप्रिलमध्ये ती ११५ ग्रॅम झाली.

घरच्या चाऱ्याच्या भावाचा वाद सुरू झाला तो डिसेंबरातच. मी पहिल्या पानावर ‘मका, घरचा, दर २,१५० रुपये क्विंटल’ असे खर्चाच्या बाजूला लिहिले, तेव्हा दादा म्हणाला, “अरे, आपल्याच रानातल्या मक्याचे पैसे आपण कोणाला देणार?” प्रश्न रास्त होता. त्या हंगामात मक्याचा हमीभाव २,२२५ रुपये होता, आमच्याकडे व्यापारी २,२५० रुपये द्यायला तयार होता आणि भाडे, हमाली, तोलाई वजा जाता हातात २,१५० आले असते. बोकडाला घातलेला प्रत्येक क्विंटल म्हणजे न मिळालेले २,१५० रुपये. ते कोणाला द्यावे लागले नाहीत हे खरे. पण ते आपल्याला मिळालेही नाहीत. मका पिकवायला आम्हाला क्विंटलमागे सुमारे चौदाशे रुपये खर्च आला होता. दादाचे दुसरे म्हणणे असे की फार तर तो खर्च धरावा. मला तेही पटले नाही. चौदाशे आणि एकवीसशे पन्नास यांमधले साडेसातशे रुपये मक्याच्या पिकाने कमावलेले आहेत; बोकड नसते तरी ते मिळालेच असते. ते बोकडांच्या खात्यावर जमा धरले, तर बोकड तोट्यात असतानाही फायद्यात दिसतील, आणि आपण चांगल्या मक्याच्या जिवावर वाईट धंदा वर्षानुवर्षे ओढत राहू.

वहिनींनी मात्र मला एका ठिकाणी अडवले, आणि त्यांचे म्हणणे मी मान्य केले. त्या म्हणाल्या, “भाऊजी, मका कोणीही नेईल, पण बांधावरची शेवरी विकत घ्यायला कोण येणार आहे? आणि घास रोज कापून, पेंढ्या बांधून रस्त्यावर नेऊन कोण विकणार?” हा मुद्दा पुस्तकात वाचून सुचला नसता. घरचा चारा सगळा एका जातीचा नसतो. मका हा नगद माल आहे, त्याला रोज भाव आहे. सोयाबीनचे भुस्कट काही वर्षांपूर्वी लोक रानातच पेटवून देत असत, आता गोठेवाले ते भरून नेतात, म्हणून त्यालाही भाव आहे. घासाला भाव आहे, पण कापणी आणि वाहतूक वजा करून. आणि शेवरी, सुबाभूळ, बांधावरचे गवत यांना बोकडाच्या तोंडाशिवाय बाजारच नाही; त्यांची किंमत म्हणजे तोडून आणण्याची मजुरी, आणि ती मी मजुरीच्या खात्यात आधीच धरलेली होती. तेव्हा घासाचा दर आम्ही जागेवरचा साडेतीन रुपये किलो धरला, भुस्कट-कुटीचा सहा रुपये धरला आणि शेवरीला शून्य लिहिले. हिरव्या चाऱ्यातला शेवरीचा वाटा मात्र इतका थोडा निघाला की सहा टन हिरवा चारा घासाच्याच दराने लावला. पुढच्या वर्षी शेवरी वाढवावी, हे मला या शून्यामुळेच सुचले.

मार्चअखेरीस जे घडले ते मला आजही लागते. कालव्याचे आवर्तन, म्हणजे पाणी सुटण्याची पाळी, लांबले, घास ताणावर पडला, आणि हिरवा चारा पुरवून घालण्यासाठी आम्ही कडबाकुटी वाढवली. गिरणीतून गव्हाचा कोंडा स्वस्तात मिळत होता म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून तोही रोज मूठभर सुरू केला होता. एका शनिवारी संध्याकाळी मी गोठ्यात गेलो, तेव्हा अकरा क्रमांकाचा बोकड कोपऱ्यात पाठ कमानीसारखी वाकवून उभा होता. शेपटी थरथरत होती, तो पुन्हा पुन्हा जोर करत होता, दात खात होता, आणि पोटाखालच्या केसांना पांढरट, वाळूसारखे बारीक कण चिकटलेले होते. वहिनी म्हणाल्या की सकाळपासून त्याने काही खाल्ले नाही, बद्धकोष्ठ असेल म्हणून तेल पाजले आहे. तो मुतखडा होता.

पशुवैद्यक रात्री नऊ वाजता आले. त्यांनी बोकडाला माणसासारखे बसते धरायला लावले. बोकडाच्या मूत्रमार्गाच्या टोकाला दोऱ्यासारखा एक बारीक भाग असतो. नेमके तिथे कण अडकले होते. तेवढा भाग त्यांनी कापला आणि थोड्या वेळाने आधी थेंबथेंब, मग बारीक धार सुरू झाली. मी बोकडाचे पुढचे पाय धरून बसलो होतो. त्याच्या अंगातला ताण माझ्या हातांत सैल होत गेला, ते मला अजून जाणवते. नंतर हात धुताना त्यांनी कारण समजावले. मका आणि कोंडा या दोन्हींत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असते. आहारात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम असावे लागते. ते प्रमाण उलटे झाले, त्यात पाणी कमी पिले गेले, की लघवीत खडे धरतात. लहान वयात खच्ची केलेल्या बोकडाचा मूत्रमार्ग अरुंद राहतो, म्हणून त्याला धोका अधिक. घासात कॅल्शियम भरपूर असते, आणि नेमका घासच आम्ही कमी केला होता. त्याच रात्री कोंडा बंद केला. त्यांच्या सल्ल्याने भरड्यात चुनखडीची भुकटी आणि जास्तीचे मीठ घालू लागलो, म्हणजे तहान लागून पाणी पोटात जाते, आणि भरडा-पेंडीच्या वजनाच्या एक टक्का नवसागरही दिला. बाकीच्या अठरा बोकडांना पुन्हा त्रास झाला नाही. अकरा क्रमांक वाचला, पण पुन्हा अंगाने भरला नाही. एप्रिलच्या मध्यात तो २६ किलोवर खाटकाला ९,९०० रुपयांना दिला. ईदपर्यंत पोहोचता, तर साडेपाच हजार रुपये जास्त आले असते. कोंड्यावर आमचे वाचले असतील ते जेमतेम काही शे रुपये. पैशापेक्षाही, त्या मुक्या जिवाने दिवसभर काढलेला त्रास आमच्या अज्ञानाचा होता, ही गोष्ट मला अधिक टोचते.

मका तिप्पट केल्याचा फायदा झाला का, हा प्रश्न मी स्वतंत्रपणे तपासला, कारण घरच्या मक्याचे खरे माप तिथेच आहे. फेब्रुवारीपर्यंत रोज ८० ग्रॅम वाढ होती, मार्च-एप्रिलमध्ये ११५. म्हणजे जास्तीच्या दोनशे ग्रॅम मक्यामागे जास्तीची ३५ ग्रॅम वाढ. दोनशे ग्रॅम मक्याची किंमत ४ रुपये ३० पैसे. ३५ ग्रॅम वजनाची, कापायच्या बोकडाच्या जिवंत वजनाच्या ४२० च्या भावाने, १४ रुपये ७० पैसे. व्यापाऱ्याकडे ज्याचे २१ रुपये ५० पैसे हातात आले असते तो किलो बोकडाने सत्तर रुपयांच्या वर नेऊन विकून दिला. या वाढीत पेंडीचा आणि वयाचाही वाटा आहे, सगळे श्रेय मक्याला देता येणार नाही; पण निम्मे दिले तरी मका बोकडाला घालणे त्या दोन महिन्यांत नि:संशय किफायतशीर होते.

मे महिन्याने मात्र ते गणित पार बदलले. एप्रिलअखेर उन्हाचा कडाका होता आणि बोकड दुपारी गव्हाणीकडे पाहतही नव्हते. मग मे महिन्यात अवकाळी पावसाची झड लागली आणि २६ मे रोजी मान्सूनच पुण्यात येऊन ठेपला, जो एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. गोठा ओला, भुस्कट दमट, बोकड शिंकणारे. वाढ ५५ ग्रॅमवर उतरली. त्या दिवसांत एका बोकडाचा रोजचा खर्च असा होता: मका ६ रुपये ४५ पैसे, हिरवा चारा सव्वापाच रुपये, सुका चारा २ रुपये ४० पैसे, पेंड सरासरीने साडेतीन रुपयांच्या आसपास आणि मजुरी सव्वापाच रुपये, एकूण जवळजवळ २३ रुपये. ५५ ग्रॅम वाढीचे मोल तेवढेच, २३ रुपये. दादाच्या वहीप्रमाणे मे महिन्यातही बोकड रोज वीस रुपये कमावत होते, कारण तिथे खर्चाला फक्त पेंड लिहिलेली होती. माझ्या वहीप्रमाणे ते खाल्लेले फेडत होते, एवढेच. तरीही ते ठेवणे बरोबर होते, कारण पुढे ईद होती. ईद नसती, तर एप्रिलअखेर, २९ किलोवर, सगळे विकून उरलेला मका पोत्यातच ठेवणे शहाणपणाचे ठरले असते.

विक्रीचा आठवडा धाकधुकीत गेला. ईदच्या आठवड्यात राज्यातले जनावरांचे बाजार भरवू नयेत, असे एक पत्र मेअखेरीस निघाले आणि टीका झाल्यावर ते मागे घेतले गेले. परंतु दरम्यानच्या काळात गावोगाव अफवा पसरल्या आणि ज्यांच्या दावणीला तयार बोकड होते, त्यांच्या पोटात गोळा आला. सात महिने पोसलेला माल एका आठवड्यासाठीच असतो. तो आठवडा हुकला की तोच बोकड मटणाच्या भावाने जातो. आम्ही वाट पाहिली नाही. ३१ मेच्या शनिवारी नऊ बोकड चाकणला विकले आणि सात बोकड पुण्यातल्या कोंढवा व कॅम्प भागातल्या ओळखीच्या कुटुंबांनी घरी येऊन नेले. घरी आलेल्यांनी वजनाच्या वहीची पाने चाळून पाहिली आणि त्यांच्याशी घासाघीस जवळजवळ झालीच नाही. सोळा बोकडांचे २,४८,००० रुपये आले, सरासरी साडेपंधरा हजार, म्हणजे किलोला सुमारे पाचशे. दोन बोकडांना दातच आले नव्हते. विकणाऱ्याने वय वाढवून सांगितले होते आणि आम्ही ते मानले होते. त्यांचे २३,८०० आले.

आता सगळा हिशेब. जमेला बोकडांचे २,८१,७०० आणि लेंडीखताचे ४,००० रुपये. त्यातून विक्रीचे भाडे आणि बाजारखर्च ५,४०० वजा जाता २,८०,३०० रुपये. खर्चाला बोकड १,१२,०००, आणण्याचे भाडे ३,२००, लस-औषधे आणि पशुवैद्यक ६,८००, गव्हाणी व जाळीचा तीन वर्षांवर वाटलेला खर्च ६,०००, मीठ, खनिज मिश्रण, कोंडा आणि वीज ४,६००, पेंड १३,८००. इथवर १,४६,४००, आणि दादाची वही इथेच थांबते. पुढे माझी वही: साडेसात क्विंटल मका १६,१२५, हिरवा चारा २१,०००, सुका चारा ९,६००, म्हणजे घरचा चारा ४६,७२५ रुपये. दादा-वहिनींचे मिळून रोजचे दोन तास, आमच्या गावच्या मजुरीच्या दराने, २१,२००. बोकडांत अडकलेल्या पैशावर सात महिन्यांचे नऊ टक्क्यांनी व्याज ५,८८०. उरले ६०,०९५.

पण त्या साठ हजारांकडेही मी पुन्हा पाहिले. सोळा बोकड ईदच्या भावाऐवजी ४२० च्या भावाने गेले असते, तर ३९,६८० रुपये कमी आले असते. म्हणजे मका, घास, काटा, लसी, रविवार हे सगळे नीट सांभाळून, निव्वळ पोसण्यातून आम्ही मिळवले ते २०,४१५ रुपये, एका बोकडामागे हजार-अकराशे. बाकीचे ईदने दिले. एक किलो वजन वाढवायला आम्हाला सुमारे अकरा किलो सुका-तुल्य (ओलावा वजा करून धरलेला) चारा लागला आणि त्या किलोचा सगळा खर्च ३०९ रुपये पडला, त्यांपैकी १७८ रुपये चारा-पेंडीचे. हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. मका उद्या तीन हजारांवर गेला, तर त्यात किलोमागे सुमारे एकोणीस रुपयांची भर पडेल, आणि त्याने धंदा मोडणार नाही. एकोणीसमधले आणखी दोन बोकड दगावले, तर मात्र मोडेल. आम्ही मक्याच्या भावावर सहा महिने वाद घातला आणि अकरा क्रमांकाच्या गव्हाणीतला कोंडा आमच्या लक्षात आला नाही.

दादाला हे पटले का, तर सगळे नाही. तो म्हणतो की १,३३,९०० रुपये हातात आले आहेत, ते खोटे कसे? ते खोटे नाहीतच. त्यांपैकी ४६,७२५ रुपये रानाने कमावले, २१,२०० त्याने आणि वहिनींनी कमावले, एवढेच मी वेगळे करून दाखवतो. वहिनींना त्यांच्या तासांचे पैसे वहीत लिहिलेले पाहून बरे वाटले. इतक्या वर्षांत गोठ्यातल्या त्यांच्या कामाचा आकडा कोणी मांडला नव्हता, असे त्या म्हणाल्या, आणि त्यावर दादा काही बोलला नाही.

यंदाच्या खेपेसाठी आम्ही चार गोष्टी बदलायच्या ठरवल्या आहेत. २०२६ ची ईद मेअखेरीस येते, म्हणून खरेदी ऑक्टोबरमध्ये आणि दात-वय पाहूनच, शक्य तेवढी आसपासच्या शेळीवाल्यांच्या गोठ्यातून, करायची. कोंडा आणायचा नाही. बांधावर शेवरीची आणखी एक रांग टोकायची. आणि मका तीन महिने नव्हे, तर शेवटचे दोनच महिने तिप्पट द्यायचा. वजनवाढ साठ ग्रॅमच्या खाली उतरली की त्याच रविवारी भरडा कमी करून उरलेली पोती चाकणला न्यायची. नवी वही दादानेच आणली आहे. पहिल्या पानावर, खर्चाच्या बाजूला, त्याच्या अक्षरात लिहिलेले आहे: ‘मका, घरचा, दर –’, आणि पुढची जागा मका निघेपर्यंत कोरी ठेवली आहे.